माझदा एमएक्स-५: आहे ती ठेवावी की नव्या पिढीची घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मराठी एमएक्स-५ मालकांकडून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एमएक्स-५ म्हणजे माझदाची दोन सीटची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये रोडस्टर, गाडी एकच. मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून पाऊस, रस्त्यावरचं मीठ आणि गंज यांवर जास्त लिहिलं आहे. एखाद्या गोष्टीचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सगळे एनए, एनबी, एनसी, एनडी असं बोलतात. माझी गाडी यातली कोणती, हे कसं ओळखू?

हे माझदाचे पिढ्यांचे संकेत आहेत. पहिली पिढी एनए. ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात सादर झाली. बटण दाबल्यावर दिवे बॉनेटमधून वर येत असतील तर तुमची एनएच. १९९८ मध्ये एनबी आली. तिचे दिवे कायमचे बाहेर आहेत आणि कापडी छताच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकऐवजी खरी काच आहे. २००५ च्या एनसीवर चाकांवरच्या कमानी फुगीर दिसतात. २०१५ मध्ये विक्रीला आलेली एनडी बारीक, ताणलेल्या दिव्यांवरून लांबूनही ओळखू येते.

एनडीचे पुन्हा तीन टप्पे धरले जातात: सुरुवातीची एनडी-१, २०१९ मॉडेलपासूनची एनडी-२ आणि २०२४ मॉडेलपासूनची एनडी-३. नवी घ्यायचा विचार असेल तर हा फरक पिढीच्या फरकाइतकाच महत्त्वाचा आहे (प्रश्न ७ ते ९).

२. थोडक्यात सांगा: जुनी विकून नवी घेऊ का?

जुन्या गाडीत तुम्हाला नेमकं काय कमी पडतं, ते आधी कागदावर लिहा. 'दररोज मोटरवेवर कामाला जातो, ट्रकांमध्ये भीती वाटते' हे खरं कारण आहे. 'पाठ दुखते' हेही. 'पत्रा सडलाय' हे सर्वांत मोठं कारण. पण 'नवी फार छान दिसते' किंवा 'टेस्ट ड्राइव्हमध्ये खूप घट्ट वाटली' एवढंच लिहिता येत असेल, तर तिसरा प्रश्न वाचेपर्यंत डीलरकडे पैसे भरू नका.

३. माझी एनबी हल्ली ढिली, खडखडणारी वाटते. एनडी चालवून पाहिली तर जमीन-अस्मानाचा फरक. मग थांबायचं कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. बहुतेक लोकांची तुलना इथेच चुकते. एका बाजूला असते वीस-पंचवीस वर्षं झिजलेली गाडी आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातून नुकतीच निघालेली. त्या फरकातला मोठा वाटा पिढीचा नसतो, झिजलेल्या रबराचा असतो.

म्हणून आधी जुनी गाडी मूळ तब्येतीत आणा आणि मगच तुलना करा. सुरुवात टायरपासून. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते: '३२१६' म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर दिसते, पण रबर दगडासारखं झालेलं असतं. दहा वर्षांच्या टायरवर कोणतीही एमएक्स-५ ओल्या रस्त्यावर बावचळते आणि दोष मात्र गाडीला मिळतो.

दुसरे शॉक ॲब्सॉर्बर. ते हळूहळू मरतात, म्हणून रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. तिसरे सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे. एनए आणि एनबीला चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणाऱ्या वर-खाली दोन भुजा) आहेत, म्हणजे बुश पुष्कळ, आणि प्रत्येकाचं रबर कधी ना कधी फाटतं. इंजिनाचे माउंट बसले असतील तर गिअर लिव्हर थरथरतो आणि लोक गिअरबॉक्स गेला समजतात.

हे सगळं झालं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. एनए-एनबीची मोठी खुबी ही की पुढचे आणि मागचे कोन बऱ्यापैकी बदलता येतात. अडचण अशी की ते ज्या एक्सेंट्रिक बोल्टांवर फिरतात, ते गंजून आत चिकटतात. एखादा गॅरेजवाला 'तुमच्या गाडीचं अलाइनमेंट होत नाही' म्हणाला, तर बहुधा हेच झालेलं असतं. बोल्ट कापून नवे घालावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण अशक्य नाही.

या सगळ्याला लागणारा पैसा नव्या-जुन्या गाडीतल्या फरकापुढे फार कमी आहे. आणि तो वायाही जात नाही: शेवटी गाडी विकलीत, तरी चांगल्या टायरांची, नीट धावणारी गाडी लवकर आणि बरी किंमत घेऊन जाते. हे करूनही एनडीच हवीशी वाटली, तर आनंदाने घ्या. तेव्हा तुम्हाला काय हवंय ते पक्कं ठाऊक असेल.

४. गंज किती असेल तर गाडी सोडून द्यायची?

इंजिन, गिअरबॉक्स, छत, सीट सगळं बदलता येतं. गाडीचं आयुष्य पत्रा ठरवतो.

एनए आणि एनबीवर पहिली जागा म्हणजे मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या सिलचा मागचा भाग. तिथे गंज येण्याचं कारण छतात आहे. छतावरचं पाणी सीटमागच्या दोन निचऱ्याच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली जातं. त्या नळ्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि सिल आतून सडतं. बाहेर रंगाखाली बुडबुडा दिसतो, तेव्हा आतला पत्रा बराच गेलेला असतो. म्हणून नळ्या वर्षातून एकदा-दोनदा मऊ, लवचीक नळीने मोकळ्या करा. तारेने ढोसू नका, नळी निसटते किंवा फाटते.

एनबीवर आणखी एक वाईट जागा आहे: पुढच्या चॅसीचे लांब दांडे. धडकेचा मार सोसायला त्यांच्या आत जास्तीचा पत्रा घातलेला आहे आणि त्या दोन थरांमध्ये चिखल-मीठ अडकून बसतं. खालचं प्लॅस्टिक काढल्याशिवाय हे दिसत नाही. पुष्कळ चकचकीत एनबी इथे पोकळ निघतात.

माझा नियम असा. सिलचा मागचा भाग किंवा चाकावरची कमान गेली असेल आणि गाडीवर तुमचा जीव असेल, तर चांगल्या वेल्डरकडून पत्रा बदलून घ्या आणि आत मेणाचा किंवा लॅनोलिनचा लेप द्या. पुढचे दांडे, सस्पेन्शनची जोडणी आणि सिल, तिन्ही एकदम गेलं असेल तर ती गाडी सोडा. तिचे चांगले भाग दुसऱ्या एखाद्या एनबीला वर्षानुवर्षं चालवतील.

ब्रिटनमध्ये कोणत्याही गाडीचा एमओटी (वार्षिक सक्तीची तपासणी) इतिहास नोंदणी क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यात गंजाचे शेरे वर्षागणिक वाचा. 'हलका गंज' असा शेरा चार वर्षं येतो आणि पाचव्या वर्षी अचानक गायब होतो, तेव्हा खाली वाकून पाहा. बहुधा काळा डांबरी लेप फासलेला असतो.

५. नव्या पिढ्या जड होत जातात ना? मग हलकेपणाची मजा गेलीच म्हणायची.

इतर गाड्यांचं तसं झालं. या गाडीचं नाही, आणि याचं श्रेय एनडीच्या अभियंत्यांना मनापासून द्यायला हवं. जपानी बाजारातल्या सर्वांत साध्या आवृत्त्या पाहिल्या तर पहिली एनए ९४० किलोची होती, एनसी १०९० च्या आसपास गेली आणि एनडी पुन्हा ९९० वर आली. तीही आधुनिक एअरबॅग आणि जास्त भक्कम सांगाडा घेऊन. एनडीची लांबी ३९१५ मिलिमीटर, म्हणजे एनएपेक्षाही आखूड. वाढली ती रुंदी: एनए १६७५, एनडी १७३५.

मूळ मांडणी चारही पिढ्यांत तीच आहे. इंजिन पुढच्या आसाच्या मागे, ताकद मागच्या चाकांना, आणि गिअरबॉक्स ते डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट. गॅस दाबताच मागचं चाक लगेच उत्तर देतं ते या चौकटीमुळे. जुन्या गाडीतला हा स्वभाव नवीत हरवेल अशी भीती बाळगू नका.

६. पण स्टिअरिंगचं काय? एनडीचं इलेक्ट्रिक आहे.

इथे मात्र जुनी सरस, असं माझं स्पष्ट मत आहे. एनए, एनबी, एनसीला पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे आणि काही एनए तर मदतीशिवायच्या आहेत. तशी एनए पार्किंगमध्ये हात भरून आणते, पण वळणावर रस्त्याचा प्रत्येक खडा तळहातात कळतो. एनडी-१ चं स्टिअरिंग अचूक आहे, चपळ आहे, पण मुकं आहे. एनडी-३ मध्ये माझदाने रॅकमधलं घर्षण कमी करून ते सुधारलं. फरक खरा आहे, तरी एनएची सर नाही. तुमचं प्रेम मुख्यतः स्टिअरिंगवर असेल, तर एनडी घेऊन हुरहुर लागण्याची शक्यता आहे.

७. एनडी घ्यायची ठरली. १.५ की २.० लिटर? आणि २०१९ चा एवढा बोलबाला का?

अमेरिकेत हा प्रश्नच नाही, तिथे फक्त २.० मिळते. ब्रिटनमध्ये दोन्ही आहेत.

एनएवरून येणाऱ्यांना मी १.५ आधी चालवायला सांगतो. साधारण १३० अश्वशक्ती, हलकं नाक, १६ इंची चाकं, आणि इंजिन पिळून काढायला आवडणारं. स्वभावाने ती एनएच्या सर्वांत जवळची. वाईट गोष्ट एकच: ब्रिटनमधल्या १.५ ला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारं) मिळत नाही.

२.० ची कथा दोन भागांत आहे. एनडी-१ मध्ये ती १६० अश्वशक्तीची, खालून जोर देणारी, पण ६८०० आरपीएमला दम संपणारी होती. २०१९ च्या मॉडेलला माझदाने पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले, थ्रॉटल मोठं केलं, ताकद १८४ वर नेली आणि मर्यादा ७५०० वर. इंजिनाचा स्वभावच बदलला. त्याच वर्षी स्टिअरिंग मागे-पुढे करण्याची सोय आली. उंच माणसांसाठी ती ताकदीपेक्षा मोलाची (प्रश्न ११). बजेट ताणून २०१९ पर्यंत पोहोचता येत असेल तर पोहोचा. पहिल्या दोन वर्षांची २.० आणि १.५ यांत निवड असेल तर मी १.५ घेईन.

८. २०१६-१७ च्या एनडीचे गिअरबॉक्स तुटतात म्हणे?

सगळे तुटत नाहीत, पण सुरुवातीच्या सहा-गिअरी मॅन्युअल बॉक्सच्या तक्रारी खऱ्या आहेत, विशेषतः अमेरिकेतल्या २.० च्या. माझदाने पुढे आतले भाग एकापेक्षा जास्त वेळा सुधारले. जुनी एनडी घेताना बॉक्स बदलला होता का आणि केव्हा, याची पावती मागा. तेल गरम झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी-जास्त वेगाला ओढून पाहा. खरखर, घरघर किंवा गिअर बाहेर पडणं यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गाडी बघा. ट्रॅकवर पळवलेली किंवा टर्बो लावलेली एनडी-१ मी घेणार नाही.

९. माझ्याकडे एनडी-१ आहे. एनडी-३ वर जाऊ का?

एनडी-३ ला ८.८ इंची पडदा, वेग घेताना आणि सोडताना वेगळं वागणारं असमान लिमिटेड-स्लिप आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं स्टिअरिंग मिळालं. वळणात आतल्या मागच्या चाकाला किंचित ब्रेक लावून गाडी स्थिर ठेवणारी यंत्रणा २०२२ पासूनच आहे. ट्रॅकवर जाणाऱ्याला याचा उपयोग आहे. रविवारी सकाळी गावाबाहेर फिरून येणाऱ्याला, माझ्या मते, एवढी किंमत मोजण्याइतका नाही. एनडी-१ ला चांगले शॉक ॲब्सॉर्बर आणि अलाइनमेंट द्या, निम्म्याहून जास्त समाधान तिथेच मिळेल.

१०. एनसीला सगळे नाकं मुरडतात. मी घेऊ नये का?

जरूर घ्या. एनसीवर अन्याय झाला आहे. ती दिसायला थोडी फुगीर आणि मूळ सेटिंगला थोडी उंच उभी, एवढाच तिचा गुन्हा. २.० चं इंजिन दणकट आहे, टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे (एनए-एनबीचा बेल्ट ६० हजार मैलांना बदलावा लागतो), स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे आणि आतली जागा चारही पिढ्यांत सर्वांत ऐसपैस. मागणी कमी असल्यामुळे भावही बरे आहेत. २००९ नंतरची पाहा: तिच्या २.० इंजिनाला फोर्ज केलेला क्रँक आणि वरची आरपीएम मर्यादा मिळाली. त्याआधीच्या गाड्यांत तेलाची पातळी नियमित बघायची सवय ठेवा, कमी तेलावर चालवून अनेकांनी इंजिनं घालवली आहेत. एनबीवरून 'थोडं नवं, पण फार नवं नको' असं वाटणाऱ्याला मी एनसीच सुचवतो.

११. माझी उंची सहा फूट एक इंच आहे. कोणत्या पिढीत मावेन?

एनसीत आरामात. एनडी-२ आणि पुढच्या गाड्यांत बहुधा, कारण स्टिअरिंग जवळ ओढता येतं आणि सीट मागे सरकवता येते. एनएत अनेक उंच मालक सीटच्या बैठकीतला फोम कापून दीड-दोन इंच खाली बसतात. चांगला सीटवाला हे अर्ध्या दिवसात करतो. पायांची लांबी आणि धडाची लांबी वेगळी असते, म्हणून दुसऱ्याच्या उंचीवर विसंबू नका. छत लावून, जाड कोट घालून, अर्धा तास चालवून बघा.

१२. घरचे म्हणतात, तीस वर्षांच्या गाडीत बसू नकोस, एअरबॅग तरी आहे का? त्यांना काय उत्तर देऊ?

त्यांचं बरोबर आहे, असंच उत्तर द्या. या बाबतीत जुन्या गाडीची बाजू घेता येत नाही. ब्रिटनमधल्या पुष्कळ एनएंना एकही एअरबॅग नाही. अमेरिकेत चालकाची पहिल्यापासून होती, शेजारच्या सीटची १९९४ पासून. एबीएस सगळ्यांना नव्हतंच आणि घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तर नाहीच. एनडीला ही यंत्रणा आहे, बाजूच्या एअरबॅग आहेत, सीटमागे उलटण्यापासून वाचवणाऱ्या कमानी आहेत. २०१५ मध्ये धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने तिला पाचपैकी चार तारे दिले.

रोज गर्दीच्या मोटरवेवर जायचं असेल, अंधारात, पावसात, तर मी स्वतः एनडी घेईन आणि त्यात मला काही कमीपणा वाटणार नाही. एनए उन्हाळ्यात, मोकळ्या रस्त्यावर, वेळ हाताशी असताना चालवायची असेल तर धोका कमी होतो, शून्य होत नाही. हे घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवा. एक सूचना: रोल बार लावून घेतला की झालं, असं समजू नका. डोक्याच्या फार जवळचा, पॅडिंग नसलेला बार साध्या धडकेतही डोकं फोडू शकतो.

१३. आम्हाला बाळ होणार आहे. दोन सीटची गाडी ठेवावी का?

दुसरी गाडी असेल तर ठेवा. एकच गाडी परवडत असेल तर विका. पिढी बदलून हा प्रश्न सुटत नाही, एनडीलाही दोनच सीट. तान्ह्या बाळाचं पाठमोरं आसन चालू एअरबॅगसमोर कधीही लावायचं नाही.

१४. कापडी छत की आरएफचं, म्हणजे घडी होणाऱ्या कडक छताच्या एनडीचं?

आरएफ बाहेर रस्त्यावर उभी राहत असेल, चोरीची किंवा थंडीची काळजी असेल तर ठीक आहे. बंद असताना ती शांतही वाटते. पण छत उघडल्यावर मागचे खांब तसेच उभे राहतात आणि मोटरवेच्या वेगाला कानामागे वारा घोंघावतो. कापडी छत बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतं, सिग्नल हिरवा व्हायच्या आत. एनए-एनबीवरून येणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत सुखावते. एनएच्या प्लॅस्टिक खिडकीची आधी चेन उघडायची कटकट इथे नाही.

१५. पैशाचा हिशोब कसा मांडू? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होतोय.

दुरुस्तीची तुलना गाडीच्या आजच्या किमतीशी करू नका. ती दोन गोष्टींशी करा: तुमच्या गाडीइतकीच पण चांगल्या अवस्थेतली दुसरी गाडी घ्यायला काय पडेल, आणि नव्या गाडीसाठी वरून किती भरावे लागतील. चांगल्या एनए आता मुद्दाम शोधून घेतल्या जातात, त्यांची किंमत घसरायचा काळ संपला आहे. नवी एनडी मात्र पहिल्या काही वर्षांत किंमत गमावणारच. म्हणून पैसा वाचवायचा असेल तर तीन-चार वर्षांची एनडी पाहा.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेतली तर विक्रीकर फक्त फरकावर लागतो. समजा नवी ३०,००० डॉलर, जुनीचे डीलर ८,००० देतो आणि कर ७ टक्के आहे, तर ५६० डॉलर वाचतात. बाहेर विकताना निदान ८,५६० मिळाले तरच बाहेरची विक्री फायद्याची. कॅलिफोर्नियात ही सवलत नाही, तिथे पूर्ण किमतीवर कर लागतो.

ब्रिटनमध्ये वैयक्तिक गाडी विकून नफा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. रस्ताकराचे तीन जमाने आहेत: मार्च २००१ आधीच्या गाड्यांना इंजिनाच्या आकारावर, मग मार्च २०१७ पर्यंत कार्बन उत्सर्जनावर, आणि एप्रिल २०१७ पासून दुसऱ्या वर्षापासून ठराविक दर. त्यामुळे दिसायला सारख्या दोन २.० एनडींचा वार्षिक कर वेगळा असू शकतो. नोंदणीची तारीख पाहून मगच सौदा करा.

आणि जुनी ठेवायची ठरलं तर विम्यात 'ठरलेली किंमत' लिहून घ्या, फोटो आणि पावत्यांसह. नाहीतर अपघात झाल्यावर कंपनी एखाद्या रद्दी एनएचा भाव हातावर टेकवते आणि तुम्ही घातलेला पत्रा, शॉक ॲब्सॉर्बर, सगळं हिशोबाबाहेर राहतं.

१६. मी लंडनमध्ये राहतो. माझी एनबी यूलेझमध्ये बसत नाही. हेच विकण्याचं कारण पुरेसं नाही का?

रोज वापरत असाल तर पुरेसं आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून हा प्रदूषण विभाग लंडनच्या सर्व बरोंमध्ये लागू आहे आणि नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पेट्रोल गाडीला युरो-४ हा प्रदूषणाचा निकष लागतो, म्हणजे साधारण २००६ पासूनच्या गाड्या. एनसी आणि एनडीला चिंता नाही. शेवटच्या वर्षांतल्या काही एनबी मात्र नियमात बसतात, म्हणून अंदाजावर न जाता लंडन वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकून पाहा.

महिन्यातून दोन-तीनदाच काढत असाल तर पंचवीस-चाळीस पौंडांचा प्रश्न आहे; तेवढ्यासाठी आवडती गाडी विकू नका. चाळीस वर्षं पूर्ण होऊन 'ऐतिहासिक' वर्गात गेलेल्या गाडीला हे शुल्क नाही. १९८९ च्या पहिल्या एनए २०३० च्या सुमारास तिथे पोहोचतील.

१७. दोन्ही ठेवल्या तर?

गॅरेजची जागा, दोन विमे आणि जुनीला महिन्यातून निदान दोनदा तासभर पळवायला वेळ असेल तर यासारखं सुख नाही. वेळ नसेल तर उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते: ब्रेक चिकटतात, टायर सपाट होतात, डिकीतली बॅटरी मरते. तशा अवस्थेत नेण्यापेक्षा ती चालवणाऱ्या माणसाला द्या.

१८. गाडीत बरेच बदल केले आहेत. तशीच विकू की मूळ रूपात आणून?

मूळ भाग जपून ठेवले असतील तर मूळ रूपात आणून विका आणि बदललेले भाग वेगळे विका; दोन्ही मिळून जास्त पैसे येतात. मूळ चाकं, मूळ स्टिअरिंग, मूळ एक्झॉस्ट कधीच फेकू नका. एनएसाठी तर आता मूळ वस्तूंना इतकी मागणी आहे की माझदाने जपानमध्ये जुन्या रोडस्टर पूर्ववत करून देण्याची सेवा सुरू केली आणि तिच्यासाठी कापडी छत, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, ब्रिजस्टोनचे मूळ नक्षीचे १४ इंची टायर पुन्हा बनवून घेतले.

१९. माझी गाडी विशेष आवृत्ती आहे. तिलाही हेच नियम?

नावावर जाऊ नका, संख्येवर आणि यांत्रिक फरकावर जा. स्टिकर आणि रंग बदलून आवृत्त्या पुष्कळ निघाल्या, त्यांना बाजारात फारसं जास्त मिळत नाही. पण ब्रिटनमधली १९९१ ची टर्बो ल माँ आवृत्ती फक्त २४ होती. १९९९ ची दहाव्या वर्षाची निळी, सहा-गिअरी गाडी जगभरात ७५०० झाल्या. दुर्मीळ नाही, पण नीट राखलेली मिळणं अवघड. २००४-०५ ची कारखान्यातूनच टर्बो असलेली माझदास्पीड अमेरिकेत आजही विचारली जाते. यांपैकी काही दारात असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर एनडीसाठी ती देऊ नका. नंतर परत घ्यायची ठरवलीत तरी तशी गाडी मिळेलच असं नाही.

जपानहून ब्रिटनमध्ये आलेली यूनोस रोडस्टर ही वेगळी बाब. जपानच्या बऱ्याच भागांत रस्त्यावर मीठ कमी पडतं, त्यामुळे तिचा पत्रा स्थानिक गाडीपेक्षा चांगला असू शकतो. मात्र इथे येऊन वीस हिवाळे काढले असतील तर तो फायदा उरलेला नसतो. प्रश्न ४ प्रमाणे तिलाही जॅकवर चढवून बघाच. अमेरिकेत बनल्याला पंचवीस वर्षं झाली की अशी गाडी कायदेशीर आणता येते.

२०. पुढच्या पिढीसाठी थांबू का?

विक्रीची तारीख आणि किंमत जाहीर झालेली नसेल तर तिच्या भरवशावर दोन उन्हाळे घालवू नका. शिवाय कोणत्याही नव्या पिढीचं पहिलं वर्ष घेऊ नये असं मला एनडी-१ च्या गिअरबॉक्सवरून (प्रश्न ८) वाटतं.

२१. कायमचा परत पुण्याला जातोय. गाडी सोबत नेता येईल का, की इथेच विकून तिथे नवी घेऊ?

तिथे नवी घेता येणार नाही. माझदाच्या मोटारी भारतात विकल्या जात नाहीत. आपल्याकडे ते नाव माहीत आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबस आणि ट्रकांमुळे.

वापरलेली गाडी नेण्याचे नियम कडक आहेत. ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या बाजूला स्टिअरिंग असावं आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. अमेरिकेतली मियाटा त्यामुळे बादच. एनए, एनबी, एनसी वयामुळे बाद. उरते ती ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातली अगदी ताजी एनडी, आणि तिच्यावरची एकूण ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त होते. त्यानंतर भारतात माझदाचं सर्व्हिस सेंटर नाही, काचेपासून क्लचपर्यंत सगळं बाहेरून मागवायचं. ताम्हिणीत पावसाळ्यानंतर छत उघडून एनडी चालवावी हे माझंही मन म्हणतं, पण या खर्चात तसं करण्याचा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

जायचं नक्की असेल तर इथे वसंत ऋतूत विका. मार्च ते मे या काळात उघड्या छताच्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं, नोव्हेंबरात तीच गाडी घासाघीस करून द्यावी लागते. सर्व्हिसच्या पावत्या, दोन्ही किल्ल्या, व्हील लॉकची चावी आणि मूळ स्टिरिओचा कोड आधीच एका पाकिटात काढून ठेवा.